टेरेस लीकेजवाले नोझल मोजून कसे लुटतात ते वाचा, घरी वयस्कर माणसं असतील तर नक्की

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईत खांबांवर, सोसायटीच्या गेटवर, मोबाईलवर सगळीकडे एकच जाहिरात दिसायला लागते, "तोडफोड न करता लीकेज बंद, १० वर्षं गॅरंटी". सगळेच चोर असतात असं मी म्हणत नाहीये, चांगलं काम करणारे पण आहेत. पण नोझलच्या (सीलिंगला भोक पाडून त्यात बसवतात ती केमिकल भरायची छोटी नळी) हिशोबाने बिल लावणारी जी टोळी आमच्या नेरुळच्या घरी येऊन गेली तिची पद्धत इतकी ठरलेली आहे की नंतर चौकशी केली तर ओळखीतल्या दोन घरांत सेम टू सेम प्रकार झालेला निघाला. म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं जुनं रो-हाऊस आहे, वर ओपन टेरेस आणि तिथे माझी बाग, कुंड्या, ग्रो बॅग, एक मोठा ड्रम. घरातली बरीचशी दुरुस्ती मीच करते, नळाचे वॉशर, टाइल्सच्या फटी भरणं, रंग, ड्रिल मशीन माझं स्वतःचं आहे. वरच्या खोलीच्या सीलिंगला मागच्या पावसात ओल आली होती आणि हे काम स्लॅबचं असल्यामुळे माणूस बोलवायचं ठरलं होतं. बाबांनी (माझे सासरे, वय ७४) जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला आणि ते लोक दुसऱ्या दिवशी दुपारीच हजर. मी महापेला ऑफिसमध्ये, घरात फक्त आई-बाबा. आधी फोनवर "घरी कोण कोण असतं, मालक किती वाजता येतात" हे विचारून घेतलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे मशीन. दोन पिनांचं एक छोटं मीटर असतं, ते भिंतीला टोचलं की आकडा दाखवतं आणि बीप वाजतो. यांनी ते बरोबर तिथे टोचलं जिथे पांढरा खार फुटला होता, आकडा फुल्ल, आणि बाबांना म्हणाले "आजोबा, स्लॅबमध्ये पाणी भरलंय, सळया सडल्यात, या पावसात खाली येईल." त्या मीटरमधून दोन पिनांच्या मध्ये वीज किती सहज जाते एवढंच मोजलं जातं. खार असेल तर भिंत फारशी ओली नसतानाही आकडा वर जातो, ओल्या हाताला लावलं तरी जातो. हे माहीत नसलेल्या माणसाला तो बीप ऐकून धडकीच भरणार, आणि ज्या खोलीत नातवंडं झोपतात त्या खोलीबद्दल असं सांगितल्यावर कोणता आजोबा शांत बसेल?

मग रेट. एका नोझलचे १८० रुपये, "४०-५० लागतील जास्तीत जास्त". म्हणजे ९ हजाराच्या आत काम, बाबा हो म्हणाले, जाहिरातीतला आकडा पण तसाच होता. कागदावर काही नाही. दोन पोरं वर चढली आणि ड्रिल सुरू. संध्याकाळी बाबांचा फोन आला, आवाज कापत होता, "अगं हे छप्पन्न हजार मागतायत". ३१२ नोझल झाले म्हणे, ३१२ गुणिले १८०, म्हणजे ५६,१६०. आईंनी एवढे कसे विचारलं तर उत्तर तयारच होतं, "केमिकल आत गेलंय, आता काढून देऊ का परत?" आणि तिघेही हॉलमध्ये बसून राहिले, पैसे दिल्याशिवाय उठणार नाही म्हणून. मी ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत बाबांनी घरातली कॅश आणि बाकी यूपीआय असे ४०,००० देऊन त्यांना घराबाहेर काढलं होतं. बीपीचा पेशंट आहे तो माणूस. मला पैशापेक्षा या गोष्टीचा संताप जास्त आहे, अजूनही आहे.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून खडूने खुणा करत भोकं मोजली. १९० भरली. फोन करून विचारलं तर म्हणे काही नोझल दोनदा भरले.

आता ग्राउटिंग, म्हणजे भोकांतून केमिकल भरायचं काम, खरं कसं असतं ते सांगते, कारण फसवणूक तिथेच आहे. हे नोझल क्रॅकच्या लाइनीवर लावतात, साधारण ८ ते १२ इंचांवर एक, आणि त्यातून प्रेशरने पीयू (पॉलियुरेथेन) केमिकल किंवा सिमेंटचं पातळ मिश्रण आत ढकलतात. आमच्या सीलिंगला क्रॅक सगळे मिळून ३५ फुटांच्या आसपास, म्हणजे ९ इंचाला एक धरलं तरी ४७ नोझल होतात. यांनी क्रॅक बघितलाच नाही, अख्ख्या सीलिंगला चौकटीत भोकं पाडली, जिथे ओल नव्हती तिथेही. एक भोक वायरिंगच्या पाइपात गेलं आणि पंखा बंद पडला. एमसीबी पाडलेला नव्हता, त्या पोराला शॉक बसला असता तर? स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईवर काँक्रीटचं आवरण साधारण पाऊण ते एक इंचच असतं, तिथे विनाकारण भोकं पाडली की हवा-पाणी सळईपर्यंत जायला आयती वाट.

आणि केमिकल? आईंनी बादलीत दुधासारखं पांढरं पाणी बघितलं होतं. डबा सील तोडून समोर उघडलेला नव्हता. वॉटरप्रूफिंगचं पीयू पाण्याशी संबंध आला की फेसाळून फुगतं आणि घट्ट होतं, म्हणून काम चालू असताना पंपात भरलेलं मिश्रण थोडंसं ग्लासात पाणी घेऊन त्यात ओतायला सांगायचं, थोड्याच वेळात समजतं. त्यांनी उरलेलं एका भोकाखाली सांडलं होतं, ते बोटाने खरवडलं तर पांढरी पावडर निघाली.

जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात तोच कोपरा गळायला लागला. फोन बंद.

पाणी येत होतं ते मुळात वरून, टेरेसवर. खालून भोकं पाडून वरची वाट बंद होत नाही. पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा मी कुंड्या एका बाजूला घेतल्या, आउटलेटच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं कोंबलं, मॉर्टरचा छोटा बांध घालून अर्ध्याच भागात दोन इंच पाणी साठवलं आणि २४ तास ठेवलं. (स्लॅबचे पोपडे पडून सळया दिसत असतील तर हे करू नका, एका चौरस मीटरवर दोन इंच पाण्याचं वजन ५० किलो होतं, आधी इंजिनिअरला दाखवा.) त्या अर्ध्यात खाली काही नाही. दुसऱ्या अर्ध्यात साठवलं आणि काही तासांतच कोपरा ओला. तिथे पावसाच्या पाण्याचा पाइप पॅरापेटमधून (टेरेसच्या कठड्यातून) बाहेर जातो, त्याच्याभोवतीचं सिमेंट सुटलेलं आणि फटीत पिंपळाचं रोप, मूळ चांगलं बोटभर जाड. वरून कापून उपयोग नसतो, ते परत फुटतं, मूळ कोरून काढावं लागलं. मग सुटलेलं सगळं छिन्नीने काढलं, ब्रशने धूळ साफ केली, पॉलिमर मॉर्टर भरला, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात गोल वाटा केला (म्हणजे तो कोपरा मॉर्टरने गोलसर भरला). वरचं कोटिंग मात्र मी फायबर जाळी घालून पाऊस संपल्यावर केलं, ओल्यावर मारलं की सोलून निघतं. सगळं सामान तुर्भ्याच्या दुकानातून दोन-अडीच हजारात आलं.

तक्रारीचं म्हणाल तर पोलिसांनी अर्ज घेतला पण हा व्यवहाराचा वाद आहे म्हणाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. यूपीआयचा स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो, भोकांचे फोटो मोजपट्टी लावून काढलेले, हे सगळं मी जपून ठेवलंय. सीलिंग लगेच बुजवू नका, पुरावा तोच असतो.

कोणाला बोलवणारच असाल तर रेट नोझलवर किंवा लिटरवर ठरवूच नका. क्रॅकची लांबी किंवा एरिया टेपने मोजून एकूण रक्कम कागदावर, खाली "यापेक्षा जास्त लागल्यास आधी लेखी परवानगी" आणि सही. डबे सीलबंद, तुमच्यासमोर उघडलेले, रिकामे डबे तुमच्याकडे. अर्धे पैसे पहिल्या मोठ्या पावसानंतर, याला जो तयार होत नाही त्याला दारातूनच परत पाठवा. आणि आई-बाबांना आजच सांगून ठेवा की कोणी पैशासाठी घरात बसून राहिलं तर पैसे न देता ११२ लावायचा आणि शेजारच्यांना हाक मारायची. आमच्या बाजूचे काका घरातच होते त्या दिवशी, बाबांना संकोच वाटला म्हणून बोलावलं नाही.