पैठणची तुळशीमाळ : साडेतीन महिने खिळ्याला, आठ महिने गळ्यात

आधी वस्तूचं सांगतो. तुळशीची माळ, १०८ मणी, वर गळ्याशी येणारा मेरुमणी वेगळा. दर १२० रुपये, गेल्या नाथषष्ठीच्या, म्हणजे संत एकनाथांच्या पुण्यतिथीच्या यात्रेतला. मी अंबडला मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो, त्यामुळं गोल वस्तू हातात आली की तिला मायक्रोमीटर लावायची खोड आहे. मणी साडेपाच ते साडेसहा मिलिमीटर भरले. एकसारखा एक नाही, आणि मला तेच आवडलं. शेजारच्या पालांवर ६० रुपयांत माळा होत्या, पण त्यांचे मणी यंत्रातून पाडल्यासारखे एका मापाचे, वरून पॉलिश मारलेले. ते काय लाकूड होतं देव जाणे. ही माळ वजनाला हलकी, मण्यांची भोकं जराशी तिरकी, आणि नवी असताना मानेला टोचते. पंधरा दिवसांत घामानं मणी आपोआप गुळगुळीत होतात. दोरा सुती आहे. तेवढी एकच गोष्ट कच्ची, ते पुढं येईल.

माळेचं दुकान म्हणजे आतल्या नाथमंदिरातून समाधी मंदिराकडं, नदीकडं निघालं की वाटेत एक ओटा आणि वर ताडपत्री. पाटीबिटी काही नाही. एक आजी बसतात, नऊवारी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मणी स्वतः ओवतात. बोलतात तेही ओवल्यासारखं, सुटं सुटं.

गिऱ्हाइकाशी वागणूक: वाईट. निदान माझ्याशी.

झालं असं की आईची जुनी माळ झिजली होती. तुकाराम बीजेपासून नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते, त्यात आईला गोदावरीचं घागरभर पाणी घालायचं होतं. म्हणून षष्ठीच्या दोन दिवस आधी तिला आणि गल्लीतल्या सात बायांना टेम्पोत घालून मी पाचोडमार्गे पैठणला नेलं. बाया रांगेत उभ्या राहिल्या आणि मी माळ घ्यायला ओट्यापाशी आलो. एक माळ उचलली तर आजींनी माझ्या हातातून काढून घेतली.

"तोंड धुऊन ये आधी. मंग हात लाव."

तोंडात पुडी होती. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण माझा एक दिवस चुकला नव्हता. दिवसाला दहा-बारा पुड्या, वर तंबाखू-चुना वेगळा. चार गिऱ्हाइकांसमोर म्हातारीनं असं म्हटल्यावर डोकंच सणकलं. पैसे देऊन वस्तू घेतोय, फुकट मागतोय का? तसाच घाटावर गेलो आणि पायरीवर थुंकलो. लाल पिचकारी. ओल्या लुगड्यातली एक बाई वर येत होती. तिनं ते बघितलं, लुगडं चिमटीत उचललं आणि कडेनं गेली. बोलली काहीच नाही.

खाली एका दिंडीचं कीर्तन चालू होतं आणि गोष्ट तीच, जी यात्रेच्या दिवसांत पैठणात कुठं ना कुठं चालूच असते. नाथ गोदेवर अंघोळ करून येतात, एक जण वरून पानाची पिंक टाकतो. नाथ परत नदीवर. पुन्हा पिंक, पुन्हा नदी. असं १०८ वेळा. शेवटी तोच दमतो आणि पाया पडतो, तर नाथ म्हणतात, तुझ्यामुळं आज गोदेचं एवढ्या वेळा स्नान घडलं. शाळेत असल्यापासून ही गोष्ट ऐकतोय आणि प्रत्येक वेळी मी नाथांच्या बाजूनं ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, आपण या गोष्टीत आहोत, पण वरच्या माळ्यावर.

नदीत चूळ भरली आणि परत गेलो. आजींनी आईसाठी माळ दिली आणि विचारलं, "अन् तुला?" म्हटलं, मी खातो-पितो, मला नियम जमायचे नाहीत. त्या म्हणाल्या, "घेऊन ठिव. जमंल तवा घाल." पक्की दुकानदारीण! दोन माळांचे २४० घेतले, दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत.

आता ही माळ साडेतीन महिने खिळ्याला का होती ते सांगतो, कारण कुणी असल्या विचारात असेल तर माझ्या सबबी त्याच्या कामाला येतील. दुकानात मीटरबोर्डाशेजारी, जळक्या फ्यूजच्या वरच्या खिळ्याला ती टांगली. मनाशी रोज एक नवं कारण. रब्बीच्या मोटारी संपू दे. मग लग्नसराई आली. मग असं की माळकरी म्हटल्यावर मित्र बोलावणार नाहीत, मटणाच्या पंगतीला आपण वरण-भात घेऊन बसायचं का? मग असं की घातली आणि पाळलं नाही तर पाप लागेल, त्यापेक्षा न घातलेली बरी. हे शेवटचं कारण मला फार आवडायचं. त्यात धर्मही राहत होता आणि पुडीही. आई रोज खिळ्याकडं बघायची आणि न बोलता जायची. ती एकदा जरी भांडली असती तर मी तिच्यावर चिडून आणखी वर्ष काढलं असतं.

जूनमध्ये हिरवी मिरची तोंडात घालवेना, इतकी आग. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं. म्हणाल्या, तुमची तीन बोटं उभी आत घाला. दोनच गेली. आतली कातडी ताठ झालीय, सुपारीनं होतं हे. पुडी सोडली तरी गेलेलं सगळं परत येत नाही, पण नाही सोडली तर पुढं काय होईल ते मी आज सांगणार नाही, असं म्हणाल्या. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे, तिथं फोन करा, आणि मेडिकलमधून दोन मिलिग्रॅमचा निकोटिनचा गम घ्या. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, असंही सांगितलं. पुडीवर तो नंबर एवढा मोठा छापतात आणि मी हजारो पुड्या फोडून एकदाही वाचला नव्हता.

आषाढीला गावातल्या विठ्ठलमंदिरात माळ देवाच्या पायावर ठेवली आणि टाळकरी अण्णांनी गळ्यात घातली. मांसाहार नाही, दारू नाही, एकादशी, रोज हरिपाठ, जमेल तशी पंढरीची वारी. तंबाखूचं वेगळं काही सांगितलं नाही त्यांनी. मीच विचारलं. म्हणाले, "ते तुमचं तुमी बगा, माऊली." अण्णा सत्तरीचे आहेत आणि मला माऊली म्हणतात. पहिल्या दिवशी हसू आलं होतं.

पुडी सोडली आणि डॉक्टरीणबाईंचं खरं निघालं. तिसऱ्या दिवशी पाच एचपीच्या मोटारीचं कॉइल भरताना वेढे मोजायचे विसरलो. आमच्या धंद्यात वेढे चुकले की मोटार तापणार, शेतकरी दारात उभा. तीन वेळा उलगडलं. पोऱ्यावर ओरडलो, तो रडायला लागला. गम चघळला, मिरमिरतो जिभेला, पण तलफ खाली बसते हे खरं. त्या नंबरावरच्या मुलीनंही नीट ऐकून घेतलं, घाई केली नाही. तेव्हा माझं म्हणणं कुणी उलटं लावू नये: माळ हे औषध नाही. औषध घ्यायचं ते घ्याच.

पण गमनं एक गोष्ट सुटत नव्हती, ती म्हणजे हात. पंचवीस वर्षं डाव्या तळव्यावर उजवा अंगठा मळतोय. तोंड गप्प बसलं तरी अंगठा बसेना, रिकाम्या तळव्यावर फिरायचा. बायकोनं दाखवल्यावर माझ्या लक्षात आलं. गळ्यातली माळ कामात हातात धरता येत नाही, म्हणून पुन्हा पैठणला जाऊन आजींकडून २७ मण्यांची स्मरणी आणली, ४० रुपये, खिशात मावते. मधल्या बोटावर मणी आणि वरून अंगठा. ज्या अंगठ्यानं चुना फिरवला तोच, तसाच फिरतो. फक्त खाली तंबाखूऐवजी मणी. चार फेऱ्या केल्या की १०८ होतात आणि तोवर तलफ बहुधा निघून गेलेली असते. वेढे मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं हे मोजणं मला परकं वाटलं नाही. नामात मन लागतं का, असं विचाराल तर दहात दोनदा. बाकी आठ वेळा मी नुसता मोजतो.

आता पाडव्याचं सांगायला पाहिजे. दिवाळीत मेहुण्याच्या घरी सगळे बसले होते, कुणीतरी पुडी पुढं केली. मी उठून न्हाणीघरात गेलो, माळ काढली, खिशात ठेवली आणि मग पुडी खाल्ली. आधी माळ काढली, हे बघा! विठोबाला जणू खिशातलं दिसत नाही. सगळ्यात जास्त लाज खाल्ल्याची नाही, त्या शहाणपणाची वाटली. चार दिवस हरिपाठाला गेलो नाही. पाचव्या दिवशी अण्णाच दुकानात आले, जळका पंखा घेऊन. पंखा निमित्त होता, त्यात फक्त कंडेन्सर गेलेला. मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता हे प्रायश्चित्त सांगणार, मग मला चिडायला जागा मिळेल. ते पंखा बघत म्हणाले, "मी दोनदा काढली व्हती. एकदा तर वरीसभर. सांच्याला या, एक टाळ कमी पडतोय."

टाळ काही कमी नव्हता. देवळात पोतंभर टाळ आहेत. पण गेलो. संध्याकाळी सहा-सात जण असतो, एक निवृत्त पोस्टमन, एक चहावाला, दोन शेतकरी, कधी एखादा कॉलेजातला पोरगा. कुणी कुणाला उपदेश करत नाही. कापसाला भाव नव्हता त्या आठवड्यात एक शेतकरी हरिपाठ चालू असतानाच रडला. कुणी थांबलं नाही, फक्त शेजारच्यानं टाळ खाली ठेवून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांनी चाल थोडी हळू केली. घरी बायको-पोरांना जे सांगता येत नाही ते मी तिथंही सांगत नाही. तरी घरी येताना जरा हलकं वाटतं.

वस्तूच्या तक्रारी दोन. एक, कामाच्या ठिकाणी जपा. ग्राइंडर किंवा लेथवर वाकताना माळ बनियनच्या आत टाकावीच लागते, नाहीतर मान जाईल. हे दुकानात कुणी सांगत नाही. दोन, दोरा. उन्हाळा-पावसाळ्याच्या घामानं तो कुजतो. माझा जानेवारीत गाठीपाशी तुटला. दुकानभर मणी. पोऱ्या आणि मी बॅटरी घेऊन वाइंडिंगच्या तारांच्या भेंडोळ्यातून शोधत बसलो, १०५ सापडले. आजींनी परत ओवून दिली, २० रुपये घेतले, तीन मणी नवे घातले. मी म्हटलं, नायलॉनचा दोरा घाला की. म्हणाल्या, "तुटायला पायजे अधूनमधून. मंग येतो माणूस." यात भक्ती किती आणि धंदा किती ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते तीन मणी अजून पिवळट आहेत, बाकीचे काळसर झालेत. आरशात पटकन दिसतात. तोंडात आता अडीच बोटं जातात. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढ्यावर समाधान माना आणि दर सहा महिन्यांनी दाखवत राहा.

घ्यायला जाणार असाल तर यात्रेच्या दिवसांत जाऊ नका, रस्ता सापडत नाही. इतर वेळी आजी सकाळी नऊनंतर असतात, एकादशीला दिवसभर. क्यूआर कोड ताडपत्रीच्या खांबाला लावलाय, पण तो नातवाच्या खात्याचा आणि नातू असला तरच पैसे आल्याचं त्या मान्य करतात. सुटे घेऊन जा. आणि तोंड धुऊन जा.