कामासाठी नवी डिझेल पिकअप : रबाळे-कळंबोली मार्गावरचा अनुभव

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत आमचे ग्रिल, गेट आणि पत्र्याच्या शेडचे वर्कशॉप आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल आणणे आणि तयार काम उलवे, घणसोली किंवा घोडबंदर रोडच्या साइटवर पोहोचवणे, हे पूर्वी भाड्याच्या टेम्पोवर चालत असे आणि टेम्पो वेळेवर मिळाला नाही की साइटवरचे वेल्डर दिवसभर बसून राहत. त्यामुळे दीड टन भारवहनाची नवी डिझेल पिकअप घेतली. पावसाळा, उन्हाळा आणि सणांच्या आधीची घाई अशा सर्व काळात ती वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव लिहिलेले नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे या वर्गातल्या कोणत्याही नव्या डिझेल गाडीला लागू पडतात.

ओढण्याच्या बाबतीत गाडीविषयी तक्रार करायला जागा नाही. पूर्ण भरलेली गाडी मुंब्रा बायपासच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या सिग्नलला थांबून निघताना क्लचवर खेळत बसावे लागत नाही. भरलेल्या गाडीला लिटरमागे ११ ते १२ किलोमीटर मिळतात, ते मला समाधानकारक वाटतात. रिकामी गाडी मात्र मागच्या पाट्यांमुळे (पट्ट्यांच्या स्प्रिंगमुळे) खड्ड्यांत उड्या मारते. केबिनमध्ये इंजिनाची धग पायांपाशी जाणवते आणि मे महिन्यात दुपारी चालकाला त्याचा खरोखर त्रास होतो. दिवसभर ज्याला तिथे बसायचे आहे, त्याचा विचार बनवणाऱ्यांनी अधिक करायला हवा होता.

हौद्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण लोखंडाच्या धंद्यात गाडी बिघडते ती बहुतेक वेळा जास्त वजनाने. लोखंड जागा कमी व्यापते, म्हणून हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाही गाडी ओव्हरलोड झालेली असते. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते, हा हिशेब प्रत्येक फॅब्रिकेटरला पाठ असतो आणि पिकअप भरतानाही तोच कामाला येतो. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो भरते, म्हणजे १२ मीटरचा एक नग साधारण १०.७ किलोचा झाला. असे दीडशे नग फाळक्याच्या निम्म्या उंचीपर्यंतही येत नाहीत, पण त्यांचे वजन १,६०० किलो होते. हौद्यात आम्ही ३ मिलिमीटरचा पत्रा टाकून घेतला आहे आणि तो चौरस मीटरला सुमारे २४ किलो असल्याने त्याचे शंभरेक किलोही भारवहनातून वजा करूनच माल भरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे, तर मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालासाठीही २०,००० रुपयांचाच दंड आहे. म्हणून सहा मीटरचे पाइप आम्ही शक्य तिथे बाजारातच मापाने कापून घेतो आणि अखंड पाइप हवे असतील तेव्हा मोठी गाडी बोलावतो. मागे लाल फडके बांधून पाइप लोंबते ठेवणे नेहमीचे झाले आहे, पण मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाशी तो खेळ आहे.

आता डीपीएफविषयी, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरविषयी, जे समजून घेतल्याशिवाय कोणीही नवी डिझेल गाडी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचे नवे निकष लागू झाले, डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले आणि धुराच्या वाटेत काजळी अडवणारा हा फिल्टर आला. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी जादा डिझेल देऊन फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते आणि तेवढा वेळ इंजिन चालू राहणे आवश्यक असते. आमच्या गाडीत हे सुरू झाले की उभ्या गाडीचा आरपीएम किंचित वर चढतो, रेडिएटरचा पंखा जोरात फिरू लागतो आणि गाडीखालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. नेमक्या त्याच वेळी वर्कशॉपच्या फाटकाशी चावी बंद केली, तर काजळी अर्धवट जळते. असे वारंवार घडले की न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसणे ही आनंदाची गोष्ट नाही, हे चालकाला समजावून सांगावे लागते. रबाळे ते घणसोली अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांनी काजळी साठते आणि सायन-पनवेल महामार्गावरून कळंबोलीपर्यंत एका वेगाने गेलेली एक फेरी ती साफ करते. म्हणूनच बाजाराची फेरी आम्ही आठवडाभर पुढे ढकलत नाही.

एकदा फिल्टरचा पिवळा दिवा लागून राहिला, तेव्हा एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावण्याआधीच पूर्ण डीपीएफ बदलण्याचा अंदाजखर्च हातात दिला. आम्ही आग्रह धरला, तेव्हा स्कॅनरवरून उभ्या गाडीतच काजळी जाळून घेतली गेली आणि तेवढ्याने काम भागले. काजळी जळते, मात्र इंजिन ऑइलमधील घटकांची राख जळत नाही आणि ती फिल्टरमध्ये कायमची साचते, म्हणून कमी राखेचे, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच ऑइल वापरावे. ऑइलवर पैसे वाचवून फिल्टरचे बिल ओढवून घेण्यात काही शहाणपण नाही. काही गॅरेजवाले फिल्टर आतून पोकळ करून देण्याची तयारी दाखवतात. त्याने दिवा विझेल, पण वॉरंटी जाईल आणि ती काजळी आपल्याच वस्तीतल्या मुलांच्या छातीत जाईल. असा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालच्या पाणी काढण्याच्या नॉबकडे लक्ष ठेवावे. नॉब सैल करून खाली पारदर्शक बाटली धरली की आधी पाण्याचे थेंब तळाशी बसतात आणि वर पिवळसर डिझेल तरंगते. स्वच्छ डिझेल येऊ लागले की नॉब घट्ट करायचा. कॉमन रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब हजार बारहून अधिक असतो आणि तेवढ्या दाबाखाली पाण्याचा अंशसुद्धा इंजेक्टर खराब करतो. हौद्याच्या कोपऱ्यांतली पाणी जाण्याची भोके लोखंडाच्या किसाने बुजतात, तीही तारेने मोकळी करावी लागतात. पाटे आणि जॉइंट यांचे ग्रीसिंग वेळच्या वेळी केले की गाडीचा आवाज वाढत नाही.

कागदपत्रांचे फारसे ओझे नाही. नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षे फिटनेसची चिंता नसते, नंतर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी प्रमाणपत्र घ्यावे लागते. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिटची गरज नाही, म्हणून निवड करताना आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) एकूण वजनाचा आकडा अवश्य पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. खरेदी फर्मच्या नावाने केली तर त्याचे इनपुट क्रेडिटही मिळते, म्हणजे भरलेला हा कर धंद्याच्या जीएसटीतून वजा करता येतो.

ज्यांचे काम कळंबोली, तळोजा किंवा भिवंडीपर्यंत जाते आणि माल जड असतो, त्यांना ही गाडी मी निःशंकपणे सुचवेन. ज्यांच्या फेऱ्या कोपरखैरणे ते वाशी एवढ्याच आहेत आणि माल हलका आहे, त्यांनी सीएनजी किंवा इलेक्ट्रिक गाडी पाहावी, कारण डिझेलचा फिल्टर त्यांना सुखाने जगू देणार नाही. गाडी कोणतीही घेतली तरी ताबा घेताना मालकाबरोबर चालकानेही शोरूममध्ये हजर राहावे आणि डॅशबोर्डवरच्या प्रत्येक दिव्याचा अर्थ त्याला मराठीत समजावून सांगण्याचा आग्रह धरावा.