टॉपिकल मेमरी सिस्टिम: पद्धत पक्की, मोहाचा विषय मात्र तोकडा

नॅव्हिगेटर्स या ख्रिस्ती संस्थेचा हा बायबलमधली वचनं पाठ करायचा जुना, नावाजलेला संच. पुस्तिका आणि व्हिजिटिंग कार्डाएवढी छापील कार्डं. वचनं साठ: पाच गट, गटात सहा विषय, विषयाला दोन कार्डं. आठवड्याला दोन वचनं धरली तर तीस आठवड्यांचं काम. मोहाच्या वेळी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार घ्यायचा, तर हा संच कितपत पुरतो, एवढंच इथे पाहायचं आहे.

पद्धतीला पैकीच्या पैकी गुण. प्रत्येक वेळी आधी विषय म्हणायचा, मग संदर्भ, मग वचन, आणि शेवटी पुन्हा संदर्भ. संडे स्कूलमधलं सुवर्णवचन वर्षानुवर्षं तोंडात असतं, पण कुठलं म्हणून विचारलं की गाडी ‘पौलाच्या कुठल्यातरी पत्रात’ येऊन थांबते. दोनदा संदर्भ म्हणण्यानं ते दुखणं जातं. वचन तुकड्यातुकड्यानं चढवायचं: पहिला तुकडा पक्का झाला की त्याला दुसरा जोडायचा. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं.

आता मोह. तिसऱ्या गटातला शेवटचा विषय ‘मोहात देवाचं साहाय्य’. त्यात इब्री २:१८ (स्वतः परीक्षेतून गेलेला येशू परीक्षेत सापडलेल्यांना साहाय्य करू शकतो) आणि स्तोत्र ११९:९, ११. नीट बघा, दहावं वचन गाळलं आहे. नववं विचारतं की तरुणानं आपली वाट शुद्ध कशी राखावी. अकरावं सांगतं की पाप घडू नये म्हणून वचन मनात जपून ठेवलं. मधल्या दहाव्यात विनवणी आहे, तुझ्या आज्ञांपासून मला भरकटू देऊ नकोस. प्रार्थनाच काढून टाकली तर उरतं ते पाठांतराचं कौतुक. आपल्या कार्डावर तिन्ही वचनं सलग लिहा. फार तर दोन ओळी वाढतील.

१ पेत्र ५ चं तर याहून नवल. ‘नम्रता’ या विषयात ५:५-६ आहे, ‘शांती’त ५:७ (सगळी चिंता देवावर टाका) आहे आणि गाडी तिथेच थांबते. सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो, सावध असा, हे लगेच पुढच्या आठव्यात. विश्वासात दृढ राहून त्याला अडवा, हे नवव्यात. म्हणजे दोन वेगळ्या गटांत विखुरलेली वचनं एकत्र करून ५:५-९ चं एकच कार्ड केलं की नम्रता, चिंता आणि प्रतिकार हा पेत्राचा मूळ क्रम परत मिळतो.

तुटक वचनाचा धोका मत्तय ४ मध्येच दिसतो, जिथे सैतान अरण्यात येशूला मोहात पाडायला बघतो. मंदिराच्या कड्यावर सैतानसुद्धा स्तोत्र ९१ मधलं वचनच म्हणतो, पण ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळून. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली: ८:३, ६:१६ आणि ६:१३. सहा ते आठ हे तीन अध्याय मिळून ७१ वचनं होतात, एका बैठकीत सहज वाचून होतात. अरण्य, भूक, मान्ना (देवानं अरण्यात दिलेलं अन्न), देवाची परीक्षा पाहणं, सगळं तिथे एकाच धाग्यात आहे. साठात ‘अनुवाद’मधलं एकही वचन नाही आणि मत्तय ४ मधून घेतलंय ते फक्त एकोणिसावं, शिष्यांना ‘माणसं धरणारे’ करण्याचं!

याकोबाचं पत्रही साठात नाही. ४:७ स्वतः घालायचं तर ‘सैतानाला अडवा’पासून सुरू करू नका. त्याआधी ‘देवाच्या अधीन व्हा’ आहे, आणि नेमकं तेच पाठांतरात गळतं. १ करिंथ १०:१३ (देव मोहाबरोबर निभावण्याचा उपायही करतो) हे या संस्थेच्या पाच वचनांच्या प्राथमिक संचात आहे, तिथून घ्या; मात्र १२ आणि १४ सकट. १२ म्हणतं, उभा आहे असं वाटणाऱ्यानं पडू नये म्हणून जपावं. १४ म्हणतं, मूर्तिपूजेपासून पळा. निभावण्याचा उपाय बऱ्याचदा पायांतच असतो. मालकाच्या बायकोनं गळ घातली तेव्हा योसेफानं उत्पत्ती ३९ मध्ये वस्त्र टाकून तेच केलं.

मराठी वाचकाची खरी अडचण शब्दाची. हातातला संच इंग्रजी असेल तर कार्डं हातानं लिहावी लागतात. बायबल सोसायटीच्या मराठी शास्त्रात इब्री २:१८ मध्ये ‘परीक्षा’ आहे, ‘मोह’ नाही. मूळ ग्रीक शब्द दोन्ही अर्थांचा आहे. याकोब १:१२-१४ मध्ये मराठीत परीक्षा आणि मोह दोन्ही येतात ते त्यामुळेच. ‘परीक्षा’ म्हटलं की आपल्याला आजारपण, नोकरी, दहावीचा निकाल आठवतो. रात्री एक वाजता हातात धरलेला फोन आठवत नाही. म्हणून विषयाच्या ओळीत ‘परीक्षा / मोह’ असं दोन्ही लिहा. वचनाच्या मजकुरात मात्र बदल करू नका, आणि भाषांतर एकच धरा. दोन भाषांतरं मिसळली की ऐनवेळी जीभ अडखळते.

इब्री २:१८ पाठ करताना ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ ही जोडी खुंटीसारखी वापरा. विसरायला होतं ते ‘त्याअर्थी’नंतर, म्हणून सराव दुसऱ्या अर्ध्यापासून सुरू करा.

छापील कार्डाचा आकार देवनागरीला पुरत नाही. वेलांट्या-उकार एकमेकांत जातात. ३ × ५ इंची जाड इंडेक्स कार्ड घ्या, बॉलपेननं लिहा. जेल पेनची शाई घामानं आणि पावसात पसरते. मागच्या बाजूला फक्त संदर्भ, म्हणजे स्वतःची तपासणी करता येते. फोनमध्ये फोटो काढून ठेवण्यापेक्षा कार्ड खिशात बरं, कारण बरेचसे मोह त्याच पडद्यावर येतात.

नव्यानं विश्वासात आलेल्यांना आणि तरुण संघाला संच जरूर सुचवावा. फक्त मोहाशी झगडणाऱ्यानं तीस आठवडे थांबू नये. तिसऱ्या गटाचं शेवटचं पान आधी उघडावं, वर सांगितलेली कार्डं त्यात घालावी, आणि बाकीचे गट सावकाश घ्यावेत.