गणेशखिंड की लवळे? बारावीनंतरची निवड

अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र घ्यायचं ठरलं की पुण्यातल्या बऱ्याच घरांत दोन नावांवर चर्चा अडते: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि लवळ्याची फ्लेम युनिव्हर्सिटी. पहिलं १९४९ सालचं, ४११ एकरांच्या आवाराचं, पुणे, नाशिक, अहिल्यानगरच्या शेकडो संलग्न महाविद्यालयांचं. दुसरं २०१५ पासूनचं, खासगी, निवासी, आटोपशीर.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात मुख्यतः पदव्युत्तर विभाग आहेत. बारावी झालेली बहुतेक मुलं पुणे विद्यापीठाची पदवी घेतात ती संलग्न महाविद्यालयातून. तेव्हा लवळ्याशी तुलना करायची ती फर्ग्युसन, एस.पी. किंवा तुमच्या तालुक्याच्या कॉलेजची, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाच्या इमारतीची नव्हे. एकाच पदवीसाठी दोन कॉलेजांत शिकण्याचा अनुभव जमीन-अस्मानाइतका वेगळा असू शकतो. खासगी विद्यापीठाला संलग्न महाविद्यालयं नसतात, त्यामुळे जे आवार बघाल तिथेच तुमचं मूल शिकेल.

पैशाचं बोलू. अनुदानित तुकडीत बी.ए.ची वर्षाची फी हजारांत असते, फ्लेमसारख्या ठिकाणी लाखांत. पण कॉलेजला विचारताना ‘तुकडी अनुदानित की विनाअनुदानित?’ हे विचाराच; एकाच इमारतीत, एकाच विषयाला दोन वेगळ्या फिया असतात. खासगीकडे फीचा तक्ता मागाल तेव्हा वसतिगृह, मेस, अनामत आणि दरवर्षीची वाढ या ओळी शोधा. शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती सगळ्या वर्षांसाठी आहे का आणि किती ग्रेड टिकवावी लागते, हे लेखी घ्या. पहिल्या वर्षाची सवलत पाहून घेतलेला प्रवेश दुसऱ्या वर्षी घर हलवून टाकतो. मुलगी अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे वळणार असेल तर आणखी एक हिशेब: ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी राज्याने २०२४ मध्ये जाहीर केलेली संपूर्ण शिक्षणशुल्क सवलत खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही.

वर्गात मात्र छोटं विद्यापीठ खरोखर पुढे आहे. शिक्षक नावानं ओळखतात, निबंध शेरे मारून परत येतो, विषय आधी चाखून मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवता येतो. बारावीला सायन्स घेतलेल्या आणि आता नक्की काय हवं ते न कळणाऱ्या मुलाला ही मोकळीक फार मोलाची. परदेशी अर्ज करताना लागणारं शिफारसपत्रही अशा शिक्षकाकडून मिळालं तर त्यात चार खऱ्या ओळी असतात.

मोठ्या विद्यापीठात पाठपुरावा आपणच करायचा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव चुकलं. अर्ज, शपथपत्र, कॉलेजचा शिक्का, मग पुन्हा रांग. वैताग येतो. पण याच व्यवस्थेत नांदगावचा, पारनेरचा, वेल्ह्याचा मुलगा एका बाकावर बसतो, कमवा आणि शिका योजनेत काम करून महिन्याचा खर्च भागवतो, आणि गावोगावच्या कार्यालयांत त्याच्या पदवीचं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना पुण्यात राहण्याचा फायदाही इथेच.

माझं स्पष्ट मत: कर्जाशिवाय परवडत असेल किंवा लेखी शिष्यवृत्ती हातात असेल आणि मूल विषयाबाबत अजून चाचपडत असेल, तर लवळे. विषय पक्का असेल आणि मूल स्वतःहून ग्रंथालयात जाऊन बसणारं असेल, तर चांगल्या कॉलेजची अनुदानित तुकडी घ्या आणि वाचलेले पैसे पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेवा. साध्या बी.ए.साठी शेत किंवा घर गहाण टाकू नका.

प्रवेश भरण्याआधी ऐन सत्रात, कामाच्या दिवशी दोन्हीकडे जाऊन या. दुसऱ्या वर्षाची मुलं कॅन्टीनमध्ये भेटतील. त्यांना एवढंच विचारा: गेल्या सत्रात तुम्ही लिहिलेलं काही शिक्षकांनी वाचून परत दिलं का, आणि किती दिवसांनी?