अपघाताच्या भरपाईत आमची फसवणूक कशी झाली

जुलै २०२३ मध्ये पुणे-सोलापूर महामार्गावर इंदापूरजवळ माझ्या धाकट्या भावाच्या दुचाकीला मागून येणाऱ्या मोटारीने धडक दिली आणि त्याच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. तो वायरमन होता. वय ३८, महिन्याची कमाई साधारण १५,००० रुपये. शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर एक गृहस्थ मला भेटले. त्यांना भावाचे नाव, अपघाताची जागा, इतकेच काय, मोटारीचा क्रमांकही ठाऊक होता. ही माहिती त्यांना कोणी पुरवली, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

“ताई, तुम्ही पेशंटकडे बघा, कोर्टाचं सगळं आम्ही बघतो. आधी एक रुपया द्यायचा नाही, भरपाई आली की चाळीस टक्के आमचे. सहा महिन्यांत दावा लागला नाही तर हातात काहीच येणार नाही,” असे ते म्हणाले.

सहा महिन्यांची मुदत खोटी नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये ती आहे आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. परंतु तेव्हा अपघाताला आठवडाही झाला नव्हता. शिवाय पोलिसांनाही अपघाताचा अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो आणि न्यायाधिकरण त्या अहवालालाच दावा मानू शकते, हे मला माहीत नव्हते. मी घाबरले. भावाने पलंगावर पडल्यापडल्या वकीलपत्रावर आणि त्यासोबत दोन कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. पुढे “बँकेच्या कामासाठी” म्हणून त्याच्या खात्याचे दोन कोरे धनादेशही सही करून नेण्यात आले.

ज्यांच्या नावाने वकीलपत्र होते ते वकील आम्हाला प्रथम दिसले ते अकरा महिन्यांनी, लोकअदालतीच्या दिवशी, न्यायालयाच्या व्हरांड्यात. कायमस्वरूपी अपंगत्वाचा दाखला घ्यायचा का, असे मी त्या गृहस्थांना दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा “त्यात वेळ जाईल” असे उत्तर मिळाले होते. त्या दिवशी विमा कंपनीने ३,६०,००० रुपये देऊ केले. आज नाही म्हणालात तर वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतील, असे सांगून भावाची तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे तडजोड मान्य असल्याचे न्यायालयाला कळवणाऱ्या लेखी निवेदनावर, सही घेण्यात आली. रक्कम खात्यात जमा झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या धनादेशांवर १,६४,००० रुपये काढले गेले: १,४४,००० चाळीस टक्क्यांचे आणि २०,००० “खर्चाचे”. आमच्याकडे उरले १,९६,०००. रुग्णालयाचे बिल २,१०,००० रुपयांचे होते.

त्यानंतर मी दुसऱ्या एका वकीलबाईंकडे कागद नेले आणि त्यांच्या सांगण्यावरून दाखला काढला. अपंगत्व ३० टक्के निघाले. त्यांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये, स्वयंरोजगार करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,०००, वयानुसार १५ चा गुणक आणि त्याचे ३० टक्के, म्हणजे ११,३४,००० रुपये. औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि वेदनांची भरपाई याशिवाय वेगळी मागता येते. न्यायाधिकरणाने नेमके किती दिले असते हे सांगता येत नाही, हे खरे. पण खांबावर चढू न शकणाऱ्या वायरमनचे कमाईचे नुकसान दाखल्यावरच्या टक्क्यांपेक्षा जास्तही ठरू शकते, कारण अपंगत्वाचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितले आहे. आमच्या दाव्यात दाखलाच नव्हता, त्यामुळे हा मुद्दा कोणी काढलाच नाही.

लोकअदालतीला मी दोष देत नाही; तिथे अनेकांची प्रकरणे लवकर मिटतात. मात्र तिच्या निवाड्यावर अपील होत नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचाच मार्ग उरतो, आणि ही गोष्ट सही करण्यापूर्वी आम्हाला कोणीही सांगितली नाही. वकिलाने दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे हे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. म्हणजे रुग्णालयाच्या दारात मोठ्या आवाजात सांगितलेली ती चाळीस टक्क्यांची अट मुळातच नियमबाह्य होती. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच होते आणि त्या व्हरांड्यातून मी अनेकदा त्यावरून गेले होते.

आपल्या घरी असा प्रसंग आला तर फिर्याद, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि बिलांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा, वकिलांना समक्ष भेटल्याशिवाय वकीलपत्र देऊ नका आणि उपचार पूर्ण होऊन अपंगत्व ठरेपर्यंत तडजोडीचा आकडा मान्य करू नका.

आम्ही राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार केली आहे आणि पोलिसांकडे अर्जही दिला आहे. भाऊ सध्या विद्युत साहित्याच्या दुकानात बसून काम करतो. त्याच्या सहीचे ते दोन कोरे कागद अजून परत मिळालेले नाहीत.