तिच्या मरणानंतर छापलेल्या पुस्तकावर तिची सही

मी टोरांटोजवळ राहते. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२चं. त्याच्या पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये सारा विनेमका या पायूट या मूलनिवासी जमातीतल्या बाईचं पुस्तक छापून आलं, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तेव्हापासून या खंडातल्या मूलनिवासी लेखिकांची जुनी पुस्तकं जमवते. पैसे साठवून, वर्षाला एखाददुसरं.

गेल्या हिवाळ्यात पॉलीन जॉन्सनचा ‘फ्लिंट अँड फेदर’ हा कवितासंग्रह एका वेबसाइटवर दिसला. पहिली आवृत्ती, १९१२, लेखिकेच्या सहीसह. वडील मोहॉक या मूलनिवासी जमातीतले, आई इंग्रज, ग्रँड नदीकाठी वाढलेली ही कवयित्री माझी फार लाडकी. विक्रेत्याने लिहिलं, ‘आजारपणात उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून तिने सह्या केल्या, त्यातलीच ही प्रत.’ मला लगेच पटलं, कारण सह्यांची गोष्ट खरीच आहे. पण ती ‘लेजेंड्स ऑफ व्हँकुव्हर’ या १९११च्या पुस्तकाची. माझ्या डोक्यात दोन्ही पुस्तकं एक झाली, आणि त्याने नेमका त्याचाच फायदा घेतला.

मग म्हणाला, ‘वेबसाइटचं कमिशन वाचेल, दोनशे डॉलर कमी करतो, थेट ई-ट्रान्सफर करा.’ मी हजार डॉलर पाठवले. ते समोरच्याच्या खात्यात जमा झाले की परत फिरवता येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी पाठवले.

पुस्तक आलं. तीन आठवडे मी ते मलमलीच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. एका रविवारी निवांत प्रस्तावना वाचायला घेतली. थिओडोर वॉट्स-डंटन या इंग्रज समीक्षकांची. सुरुवातीलाच ते सांगतात की, मी तिच्याविषयी काही लिहावं अशी इच्छा पॉलीनने मृत्युशय्येवर बोलून दाखवली होती. पॉलीन गेली ७ मार्च १९१३ला. म्हणजे माझ्या हातातलं पुस्तक छापलं गेलं तेव्हा ती या जगात नव्हती. हातपाय गार पडले.

भिंग घेऊन सही पाहिली. कोऱ्या पानाला मधोमध जुनी घडी पडून कागद चिरला होता. त्या चिरेत शाई उतरून दोन्ही बाजूंना फुटली होती. आधी घडी, मग सही. आणि शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचं १९१२ हे कॉपीराइटचं साल होतं, छपाईचं नव्हे. या संग्रहाच्या पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या. बिनसहीची तशी प्रत अगदी थोडक्या पैशांत मिळते.

विक्रेत्याने उत्तर देणं बंद केलं. व्यवहार आमच्यामार्फत झालेला नाही, म्हणून वेबसाइटने हात वर केले. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे.

असं पुस्तक घेताना फक्त सही आणि मुखपृष्ठाच्या फोटोवर जाऊ नका. प्रस्तावनेची पानं, शीर्षकपानाची मागची बाजू, शेवटच्या जाहिराती, सगळ्यांचे फोटो मागा आणि ते वाचा. पैसे वेबसाइटमधूनच भरा, कमिशन गेलं तरी चालेल.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आहे. परवा दुसऱ्याच नावाने सारा विनेमकाची ‘सही असलेली १८८३ची प्रत’ विकायला आलेली पाहिली. फोटोत पुस्तकाखाली माझ्या प्रतीच्या फोटोतलंच टेबल आहे, डाव्या कोपऱ्यात कपाचा तोच गोल डाग. कुणी ती घ्यायच्या विचारात असाल तर कृपा करून थांबा.