टंग जॅकचा पाय बदलताना: साधा पिनचा पाय घ्यावा की फ्लिप फूट?

ट्रॅव्हल ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचा, टंग जॅक त्याच्या पुढच्या टोकाला (टंगला) उचलून धरतो. तो पुरता वर न घेता गाडी हलली, की सगळ्यात आधी वाकतो तो त्याचा पाय. गॅस स्टेशनच्या उतारावरून बाहेर पडताना पुढचा भाग खाली जातो आणि पाय रस्त्याला घासतो, तेव्हाही तेच होतं. तिसरं कारण सावकाश काम करतं. पायाचा पत्रा वाटीसारखा खोलगट असेल तर त्यात पाणी साचतं आणि गंज वेल्डिंगच्या कडेपासून आत शिरतो. तिन्ही वेळा पूर्ण जॅक बदलायची घाई करू नये. जॅकची खाली-वर सरकणारी आतली नळी सरळ असेल, तर २० डॉलरच्या आसपास मिळणारा सुटा पाय काम भागवतो. नवा इलेक्ट्रिक जॅक सहज दीडशे डॉलरच्या पुढे जातो.

म्हणून आधी नळी तपासा. जॅक पूर्ण खाली आणि पूर्ण वर फिरवा. हँडल एकाच जागी जड जात असेल, तर आतला स्क्रू किंवा नळी वाकलेली आहे. नळीला दोन बाजूंनी पोलादी पट्टी लावून पाहा. मधे अर्ध्या सुतापेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त फट दिसली, तर नवा पाय म्हणजे वाया घालवलेले पैसे. तिथे जॅकच बदला. ए-फ्रेमवरचा, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावरचा, नेहमीचा जॅक सव्वादोन इंची बाहेरच्या नळीचा आणि तीन सुताच्या तीन बोल्टांवर बसणारा असतो, त्यामुळे तेही काम अवघड नाही.

खरेदीत चूक होते ती मापात. ट्रेलरजवळ उभं राहिलं की डोळ्यांत भरते ती बाहेरची सव्वादोन इंची नळी, आणि तेच माप धरून पाय मागवला जातो. पाय बसतो आतल्या, खाली सरकणाऱ्या नळीवर, आणि ती बऱ्याच जॅकवर दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर असते. व्हर्निअरने तीन मापं घ्या: आतल्या नळीचा बाहेरचा व्यास, पिनच्या भोकाचा व्यास, आणि नळीच्या टोकापासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. तीन सुताच्या भोकात चार सुताची पिन जात नाही. उलट चार सुताच्या भोकात तीन सुताची पिन घातली, तर पाय खडखडतो आणि भोक लांबट होत जातं.

तिसरं माप बहुतेक लोक घेतच नाहीत, आणि पाय टिकणार की नाही ते त्यावरच ठरतं. एका भोकाच्या साध्या पायात वजन नळीच्या टोकावरून थेट पत्र्यावर उतरायला हवं. पिनचं काम एवढंच, की जॅक वर घेतल्यावर पाय गळून पडू नये. भोकाचं अंतर जुळलं नाही तर नळीचं टोक पत्र्याला टेकतच नाही आणि सगळं वजन पिनवर येतं. याची खूण सोपी आहे. जॅकवर वजन असताना पिन बोटांनी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर ती दाबली जातेय. उंची बदलता येणाऱ्या अनेक भोकांच्या पायात मात्र पिनच वजन पेलते. तिथे मूळची पिनच वापरा. हाताशी आहे म्हणून बोल्ट घातला आणि त्याचे आटे नेमके भोकाच्या कडेवर आले, तर तो तिथेच तुटतो.

बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण क्रम पाळा. जमीन सपाट आणि टणक असावी. ट्रेलर गाडीमागच्या जोडणीच्या बॉलवर चढवा, त्यावर बसणाऱ्या कपलरचं लॅच बंद करा, दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून चोक (पाचरी) लावा. आता टंगचं वजन गाडीवर आहे, जॅक मोकळा आहे. पाय जमिनीपासून दोन-तीन इंच वर येईल इतका जॅक उचला. क्लिप काढा, पिन ओढा. गंजलेली असेल तर गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा, मग पंच आणि हातोडा. पाय तिरका होऊन अडकला असेल, तर लाकडी ठोकळा धरून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ठोका. एकाच बाजूने ठोकत राहिलात तर नळीचं तोंड अंडाकृती होतं आणि नवा पाय बसत नाही.

जुना पाय निघाल्यावर नळीच्या तोंडावर बोट फिरवा. भोकाभोवती उठलेली धारदार कड बोटाला लागतेच. ती कानशीने घासा, उघड्या लोखंडावर जस्ताचा स्प्रे मारा, वाळू द्या. नव्या पायाच्या कॉलरचा, म्हणजे नळीवर चढणाऱ्या भागाचा, आतला व्यास नळीपेक्षा साधारण अर्धा सूत जास्त असावा. पाय हाताने सरकला पाहिजे, पण झुलता कामा नये. पत्रा खोलगट असेल तर सर्वांत खोल जागी दोन सुताचं भोक पाडा आणि त्याच्या कडेलाही जस्त लावा. वेल्ड केलेला पाय कापून नवा वेल्ड करायचा असेल, तर आधी ट्रेलरची बॅटरी सोडवा आणि वेल्डच्या जागेवरचं जस्त घासून काढा. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो.

आता फ्लिप फूट, म्हणजे आपोआप दुमडणारा पाय. फास्टवे कंपनीचा 'फ्लिप' या प्रकारात सर्वांत ओळखीचा. तो दोन इंची आणि सव्वादोन इंची अशा वेगवेगळ्या मापांत येतो. जॅक वर घेतला की पाय बाहेरच्या नळीच्या कडेला टेकून आपोआप दुमडतो, खाली सोडला की उघडतो. सहा इंचांची उंची जॅक फिरवल्याशिवाय मिळते. रोज जागा बदलणाऱ्यांना हे सुख मोठं आहे, आणि पाय घासण्याचं मूळ कारणच कमी होतं. पण विकत घेण्याआधी जॅक पूर्ण वर घेऊन पाहा. आतली नळी बाहेर लोंबत राहत असेल, तर कड पायापर्यंत पोचणार नाही आणि तो दुमडणार नाही. दुमडलेल्या पायाला मागे-पुढे जागा लागते, तीही मोजा. चिखल सांध्यात सुकला तर हालचाल अडते, त्यामुळे प्रत्येक सहलीनंतर पाणी मारणं आलं.

वर्षातून दोन-तीनदा निघणाऱ्या ट्रेलरला साधा पिनचा पाय घ्यावा, तोही पाच इंचांपेक्षा रुंद पत्र्याचा. वारंवार निघणाऱ्या, खाली बसक्या ए-फ्रेमच्या ट्रेलरला फ्लिप फूटचे पैसे नक्की वसूल होतात. चाकाचा पाय मात्र मुक्कामाला घेऊ नये. खडीत तो रुततो आणि टणक जमिनीवर घरंगळतो.

कोणताही पाय घेतला तरी खाली फळी हवीच. ५,००० पौंडी ट्रेलरचं टंगवरचं वजन १० ते १५ टक्के, म्हणजे ५०० ते ७५० पौंड. ६०० पौंड धरा. पाच बाय पाच इंचांच्या पत्र्यावर चौरस इंचाला २४ पौंड पडतात, बारा बाय बारा इंचांच्या जाड फळीवर चारच्या जवळपास. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात पाय रुतून तिरका होतो तो या फरकामुळे.

ट्रेलर हलू नये म्हणून कोपऱ्यांवर असणाऱ्या कात्री जॅकचा तळ वाकला असेल तर हा सुटा पाय तिथे चालत नाही. तिथला तळ बहुधा जॅकबरोबर रिव्हेट केलेला असतो, म्हणून तो जॅकच बदला. आणि त्या जॅकने ट्रेलर उचलू नका. डावी-उजवी पातळी चाकांखालच्या ठोकळ्यांनी साधायची, पुढची-मागची टंग जॅकने, आणि कात्री जॅक शेवटी, हलणं थांबेल इतकेच टेकवायचे. पिन आणि क्लिपचा एक जास्तीचा जोड ट्रेलरच्या हत्यारांत ठेवा. रस्त्यात हरवते ती क्लिपच, आणि तिच्यामागोमाग पाय.